तिघांपुरती काटकसर

अक्काच्या पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले, असे काका स्वतःला सांगत असत. पण राहून जाते ते बिजागरीला तेल घालणे, किंवा चष्म्याचा ढिला स्क्रू पिळून आणणे. हे उत्तर राहून गेलेले नव्हते. काकांनी ते रोज सकाळी नव्याने, पूर्ण विचारांती, दिलेले नव्हते.

अक्का म्हणजे काकांची सात वर्षांनी मोठी बहीण. वय अठ्ठ्याहत्तर. दुसऱ्या गावात दोन भाड्याच्या खोल्यांत एकटी राहायची. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे फोनवर ती आपले सांगून झाले की ठेवून देई, म्हणून महत्त्वाचे काही असले की पत्र. या पत्रात तिने लिहिले होते की मालकाला इमारत पाडायची आहे, तीन महिन्यांची मुदत दिली आहे. ‘तुमच्याकडे राहायला आले तर चालेल का? इथल्या वृद्धाश्रमात एक खाट मिळते आहे, तुझे उत्तर आले की त्यांना काय ते कळवीन. नाही म्हणालास तरी राग नाही. मला फारसे काही लागत नाही.’

हे शेवटचे वाक्य काकांच्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकले. कारण ते त्यांच्या चांगले ओळखीचे होते. लहानपणी आई गेल्यावर घर अक्काने चालवले. ताटात पावाचा शेवटचा तुकडा उरला की ती तो काकांकडे सरकवायची आणि हेच म्हणायची. तो तुकडा काकांनी प्रत्येक वेळी खाल्ला होता.

मग ‘ये’ असे लिहायला काय हरकत होती? काकांच्या मते हरकती दोन होत्या. पहिली, निवृत्तिवेतन. चाळीस वर्षे ग्रंथालयात पुस्तकांची सूची करणाऱ्या माणसाला जेवढे मिळते तेवढे ते होते, म्हणजे दोघांना पुरत होते आणि उरत नव्हते. दुसरी हरकत म्हणजे काकू. वीस वर्षांपूर्वी अक्का आठ दिवस राहायला आली होती, तेव्हा तिने काकू बाहेर गेल्याचे पाहून स्वयंपाकघरातले सगळे डबे स्वतःच्या पद्धतीने लावून ठेवले होते. काकू त्यावर एक अक्षर बोलल्या नव्हत्या. काकू बोलल्या नाहीत की काकांना फार ऐकू येत असे.

तेव्हा काकांनी ठरवले की काकूंपुढे हा विषय नुसत्या तोंडाने मांडायचा नाही. पुराव्यानिशी मांडायचा. घरखर्च आधी गुपचूप एक तृतीयांशाने कमी करून दाखवायचा आणि मग सहज म्हणायचे, ‘अगं, बघ, दोघांच्या पैशात तिघे बसतात.’ यावर कुणालाही काही म्हणता येणार नाही. तोवर पत्र ‘जमिनीचे प्रकार व त्यांची धूप’ या जाड ग्रंथात ठेवले, कारण हा ग्रंथ त्या घरात कुणी उघडण्याची भीती नव्हती. ग्रंथालयातही कधी नव्हती. म्हणून तर तो रद्दीत निघाला आणि काकांनी घरी आणला.

आता काटकसर कशी करायची? पुस्तकात शोधायचे तर काकांना जन्म गेला असता तरी चालले असते, पण अक्काकडे तीन महिनेच होते. मुलीने दिलेल्या फोनवर त्यांनी एका दुपारी ‘काटकसरीने कसे राहावे’ असे विचारले आणि फोनने पुढ्यात समुद्र ओतला. त्यात एक बाई काकांना विशेष विश्वासू वाटल्या. त्यांनी शंभर उपाय क्रमांक घालून दिले होते, आणि क्रमांक घातलेल्या गोष्टीवर काकांचा विश्वास चटकन बसे. मनातल्या मनात त्यांनी बाईंचे नाव काटकसरबाई ठेवले.

ग्रंथालयात संगणक आला तेव्हा सूचीच्या कार्डांचा एक लाकडी खण काकांनी घरी आणला होता. कार्डांची मागची बाजू कोरी होती. काकांनी एकेका कार्डावर एकेक उपाय उतरवला, वरती वर्ग लिहिला, अन्न, पाणी, वीज, वस्त्र, किरकोळ, आणि खाली दोन ओळी आखल्या. एकीत ‘दोघे’, दुसरीत ‘तिघे’. दोन दिवसांत खण भरला. अजून एक पैसाही वाचलेला नव्हता, पण वर्गीकरण इतके देखणे झाले होते की काकांना अर्धे काम झाल्यासारखे वाटले.

सुरुवात अन्नापासून केली. काटकसरबाईंचे म्हणणे असे की कडधान्य तासभर शिजवणे म्हणजे इंधन जाळणे. दहा मिनिटे उकळावे, भांडे रजईत गुंडाळावे आणि आठ तास विसरून जावे. शेवटची अट काकांना सर्वांत सोपी वाटली. काकू बहिणीकडे गेल्या असताना त्यांनी चवळी उकळली, भांडे रजईत गुंडाळून पलंगावर भिंतीशी ठेवले आणि अटीप्रमाणे विसरून गेले. इतके, की दुपारी वाचता वाचता डुलकी लागली तेव्हा ते त्याच पलंगावर त्याच रजईला टेकून झोपले. जागे झाले ते पाठीला ओली ऊब लागून. काकू परतल्या तेव्हा काका मोरीत रजई पिळत होते आणि तिच्यातून चवळी पडत होती.

काकूंनी विचारले, “हे काय?”

“काही नाही. रजई धुवायला झाली होती.”

“चवळीने?”

रजई धोब्याकडे द्यावी लागली. धुलाईत जेवढे गेले तेवढ्यात वर्षभराची चवळी तासभर उकळता आली असती. काकांनी प्रामाणिकपणे कार्डावर लिहिले, ‘उपाय निर्दोष. कर्ता सदोष.’

कपडे धुण्याची पूड घरी करावी, हा पुढचा उपाय. साबणाची वडी किसायची, सोडा मिसळायचा, झाले. काकांनी वडी किसली. किसणी स्वच्छ विसळलीही, पण किसणीच्या भोकांना साबणाची जी माया लागते ती एका विसळण्याने तुटत नाही. दुसऱ्या दिवशी काकूंनी त्याच किसणीवर गाजर किसले. पहिल्याच घासाला दोघांच्या तोंडाला फेस आला. काकूंनी शांतपणे चूळ भरली, गाजर कचऱ्यात टाकले आणि काकांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. ताप असता तर काकूंना बरे वाटले असते, कारण तापावर औषध असते.

इथे काकूंची बाजूही सांगायला हवी. पंचेचाळीस वर्षे संसार केलेला माणूस एकाएकी साबण किसू लागतो, दिवसा दिवे विझवत घरभर फिरतो, चहाची वापरलेली पावडर खिडकीत वाळत घालतो, आणि विचारले की “काही नाही” म्हणतो. अशा वेळी बायकोने काय समजायचे? काकू तेच समजल्या, जे कोणीही समजला असता. यांचे पैसे कुठेतरी बुडाले, आणि लाजेने सांगत नाहीत. काका लाजाळू आहेत हे त्यांना लग्नाच्या दिवसापासून माहीत होते. त्या दिवशी त्यांनी काकूंशी बोलायचे म्हणून हवामानाचा विषय काढला होता आणि तोही पुरा केला नव्हता. म्हणून काकूंनी काकांना काही विचारले नाही. खालच्या मजल्यावरच्या शिवणबाईंना मात्र, कुणाला सांगू नका असे बजावून, सांगितले.

शिवणबाई जन्मभर कपडे शिवत आल्या होत्या, पण गोष्ट पोटात शिवून ठेवणे त्यांना जमले नाही. आठवड्याभरात ती जिन्याने सगळ्या मजल्यांवर गेली. काकांना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच दिसू लागले की लोक जिन्यात थांबून त्यांच्या खांद्यावर हात ठेवतात. एके सकाळी दाराशी भोपळा होता. दुसऱ्या दिवशी अर्धा डझन अंडी. तिसऱ्या दिवशी एका पिशवीत कुणाचा तरी जुना पण चांगल्या अवस्थेतला कोट, खिशात हातमोज्यांसह. कोट काकांना दोन मापे मोठा होता. आपली पत बाहेर दोन मापे खाली गेली आहे, हे त्यातून त्यांना कळायला हरकत नव्हती. पण काकांचा सगळा गोंधळ वेगळाच. भोपळा आणि अंडी यांमुळे त्या आठवड्याचा खर्च अपेक्षेपेक्षा फारच कमी आला, आणि त्यामुळे प्रयोगाची शुद्धता बिघडली. भोपळ्याची नोंद कुठल्या वर्गात करावी यावर त्यांनी एक अख्खी दुपार घालवली आणि शेवटी ‘किरकोळ’मध्ये केली, जरी भोपळा किरकोळ नव्हता.

पाण्याच्या उपायाने तर अब्रूवरच घाव घातला. आंघोळ प्लास्टिकच्या टबात उभे राहून करावी आणि ते पाणी झाडांना घालावे, असे काटकसरबाईंनी सांगितले होते. टब किती जड होतो ते सांगितले नव्हते. काका तो कसाबसा गॅलरीपर्यंत नेत आणि कुंड्यांना पाणी घालत. तिसऱ्या दिवशी उंबऱ्याला ठेच लागली आणि टबातले सगळे पाणी गॅलरीच्या गजांतून खाली गेले. खालच्या गॅलरीत शिवणबाईंनी एका गिऱ्हाइकाचा लोकरी कोट, नुकताच इस्त्री करून, हवेला टांगला होता.

काका माफी मागायला खाली गेले. जिन्यात त्यांनी तीन वाक्ये तयार केली होती, त्यांतले एकही दारात सापडेना. शिवणबाई ओला कोट हातात घेऊन उभ्या होत्या. काका म्हणाले, “पाणी... माझं होतं.” शिवणबाईंनी त्यांच्याकडे अशा काही नजरेने पाहिले की रागावल्या असत्या तर परवडले असते. म्हणाल्या, “असू द्या हो काका. वाळेल. दिवस काय, येतात आणि जातात.” आणि त्यांनी काकांच्या हातात पावाची एक लादी ठेवली. माफी मागायला गेलेला माणूस पाव घेऊन वर आला. काकूंना काय सांगावे हे न सुचल्याने तो त्यांनी पायऱ्यांवर बसून, कोरडाच, थोडासा खाल्ला, आणि खाताना त्यांना अक्काची फार आठवण झाली.

त्या संध्याकाळी त्यांनी पत्र लिहायला घेतले. ‘प्रिय अक्का, तुझे पत्र मिळाले.’ हे वाक्य त्यांनी याआधी दहा वेळा लिहिले होते आणि ते बिनचूक होते. पुढे काय लिहावे हे मात्र अजून सिद्ध झालेले नव्हते. पत्राला सात आठवडे झाले होते.

उरला वीज विभाग. तो अन्नापाठोपाठच सुरू झाला होता. हा मात्र काकांनी जिंकला. थंडीत फ्रिजची गरज नाही, दूध खिडकीबाहेर ठेवावे, असे काटकसरबाई म्हणत. (त्या जिथे राहतात तिथे गुडघाभर बर्फ पडतो, हे काकांना नंतर त्यांच्या एका फोटोवरून समजले.) इथे थंडी म्हणजे स्वेटर घालावा की नाही इतपतच, तेव्हा दूध दोनदा नासले आणि एकदा मांजर प्यायले. पण फ्रिज बंद राहिला. काकूंनीही, पैसे बुडालेल्या माणसाला आणखी काय बोलायचे म्हणून, बंद राहू दिला. गिझर बंद, इस्त्री बंद, दिवा एकच. संध्याकाळचे वाचन काका आपल्या जुन्या ग्रंथालयात करू लागले, कारण ‘शक्य तिथे घराबाहेरचा उजेड वापरा’ हा उपाय क्रमांक एकसष्ट होता. तिथल्या तरुण ग्रंथपाल मुलीला वाटले, काकांना जुन्या दिवसांची ओढ लागली आहे. ती त्यांना चहा पाजू लागली. म्हणजे चहाही वाचला. दोन बिलांत मिळून विजेचा आकडा तिसऱ्या हिश्शावर आला. काकांनी कार्डावर ‘तिघे’ या ओळीपुढे आयुष्यात पहिल्यांदा एक बरोबरची खूण ठळक केली, आणि संध्याकाळी ग्रंथालयातून परतताना काकूंना आज सांगायचे असे ठरवून दारात चपला काढल्या. दाराच्या फटीतून वीज कार्यालयाचे पत्र आत पडलेले होते.

त्यात लिहिले होते की आपल्या मीटरवरील वापर असाधारणरीत्या घटल्याने मीटर नादुरुस्त असल्याचा अथवा त्यात हस्तक्षेप झाल्याचा संशय आहे. सात दिवसांत निवासाच्या पुराव्यासह हजर राहून खुलासा करावा. अन्यथा जोडणी तोडण्यात येईल.

चाळीस वर्षांत काकांनी ग्रंथालयाची टाचणीसुद्धा न विचारता घरी आणली नव्हती. ‘हस्तक्षेप’ हा शब्द वाचून ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. वरच्या मजल्यावर एक निवृत्त वकीलसाहेब राहत. त्यांच्या कानी बातमी गेली आणि ते स्वतः खाली आले. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे कुणी सल्ला मागायला येत नसे, त्यामुळे ते सल्ला घेऊनच निघत. म्हणाले, “काका, काहीही कबूल करायचं नाही.” काका म्हणाले, कबूल करण्यासारखे काही नाहीच. वकीलसाहेब म्हणाले, “उत्तम. हेच म्हणत राहायचं.”

वीज कार्यालयात पाच खिडक्या होत्या आणि चार बंद होत्या. उघड्या खिडकीतल्या कारकुनाने एक अर्ज दिला. वापर घटण्याचे कारण या सदरात तीन चौकोन होते: घर बंद होते, मीटर नादुरुस्त, इतर. काकांनी ‘इतर’वर खूण करून पुढे सुवाच्य अक्षरात ‘काटकसर’ असे लिहिले. कारकुनाने ते वाचले आणि अर्ज परत सरकवला. म्हणाला, “काका, काटकसर तर सगळेच करतात. बिल कुणाचं कमी येतं?” शिवाय ‘इतर’ लिहिले तर सोबत कागद लागतो, लग्नाचा, मृत्यूचा, बदलीचा, काहीही. काटकसरीचा दाखला कुठे मिळतो ते काकांना ठाऊक नव्हते. निवासाचा पुरावा म्हणून त्यांनी काय आणावे असे विचारले तर कारकून म्हणाला, विजेचे ताजे बिल आणा. काकांनी तेच पुढे केले. कारकुनाने ते पाहिले आणि म्हणाला, “हे चालणार नाही. हे बिल वादात आहे.”

शेवटी ठरले की तपासनीस घरी येऊन पाहतील. ते गुरुवारी सकाळी अकराला आले. मध्यमवयाचे, दमलेले, बूट काढावेत की नाही अशा संभ्रमात दारात उभे राहणारे. काकांना ते पाहताच आवडले, म्हणजे एरवी आवडले असते. घरात काकू होत्या. वकीलसाहेब न बोलावता आलेले होते. शिवणबाई हातात सुई-दोरा घेऊनच वर आल्या होत्या, न जाणो, काही लागले तर.

तपासनिसांनी मीटर पाहिला, सील पाहिले, मग घर पाहू लागले. बंद फ्रिज उघडला. आत काकांनी जुनी मासिके ठेवली होती, कारण रिकामी जागा त्यांना बघवत नसे. मोरीतला टब पाहिला, खिडकीतली चहापावडर पाहिली. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. त्यांनी काकूंना हलक्या आवाजात विचारले, सगळे ठीक आहे ना? काकू म्हणाल्या, “ते मलाही विचारायचंय.” आणि मग तपासनिसांची नजर टेबलावरच्या लाकडी खणावर गेली.

काकांनी तो मोठ्या आशेने पुढे केला. चोर कधी इतके नीट वर्गीकरण करील काय? तपासनीस उभ्यानेच कार्डे चाळू लागले. वीज विभागाशी थांबले. एक कार्ड काढले, दुसरे काढले, मग अन्न विभागातले काढले, आणि त्यांच्या आवाजातली सहानुभूती एकदम आटली.

“इथे प्रत्येक कार्डावर तिघांचा आकडा आहे,” ते म्हणाले. “घरात राहणारे दोघं. हे तिसरं माणूस कोण?”

वकीलसाहेबांनी काकांच्या कानाशी येऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “भाडेकरू ठेवलाय का? नोंद न करता?” शिवणबाईंची सुई थांबली. तपासनिसांनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिले. त्या खोलीत पुस्तकांशिवाय काही नव्हते, पण दार बंद होते, आणि बंद दार संशयाने पाहिले की फार बंद दिसते.

आणि काकूंनी काकांकडे पाहिले. “कोण आहे तिसरं?”

काकांनी एकदा वकीलसाहेबांचा सल्ला आठवून पाहिला. मग ते उठले, कपाटातून ‘जमिनीचे प्रकार व त्यांची धूप’ काढला, आणि त्यातले पत्र काकूंच्या हातात दिले. म्हणाले, “अक्का.”

काकूंनी चष्मा लावला आणि पत्र वाचले. उभ्याने एकदा, बसून एकदा. मग वरची तारीख पाहिली.

“दहा आठवडे झाले, अहो.”

“मला आधी बघायचं होतं, बसतं का. पैशात. मग तुला सांगणार होतो.”

“तिने विचारलंय, येऊ का. आणि तुम्ही ती किती वीज खाईल ते मोजत बसलात.”

काका कार्डांकडे पाहत राहिले. त्यांना आजवर ती दोघांच्या पैशात अक्काला बसवण्याची धडपड वाटत होती. काकूंच्या तोंडून ऐकताना ती वेगळी दिसली, आणि ती तशीच होती की काय, हे त्यांना खात्रीने सांगता येईना. ते म्हणाले, “मला वाटलं, तू नको म्हणशील. ते डबे...”

“कुठले डबे?”

“वीस वर्षांपूर्वी तिने सगळे हलवले होते.”

काकू उठल्या. त्यांनी काकांना दंडाला धरून स्वयंपाकघरात नेले, मागोमाग तपासनीस, वकीलसाहेब आणि शिवणबाईही आल्या, आणि काकूंनी फडताळाकडे बोट केले. मोठे डबे खाली, रोजचे डाव्या हाताशी, मीठ चुलीजवळ पण वाफेपासून दूर. म्हणाल्या, “हे तिने लावलेत. तेव्हा राग आला होता, नाही कशाला म्हणू. आठ दिवसांनी कळलं की हात न बघता जातो. तेव्हापासून एक डबा हललेला नाही. तुम्ही चाळीस वर्षं लोकांच्या पुस्तकांच्या जागा लावल्यात, स्वतःच्या घरातलं फडताळ कधी पाहिलं नाहीत?”

काकांनी पाहिले. फारच सुरेख वर्गीकरण होते.

“आणि मला वाटत होतं पैसे बुडाले,” काकू म्हणाल्या. “दोन महिने थंड पाण्याने आंघोळ केली मी. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.”

शिवणबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि मग एकदम आठवून विचारले, म्हणजे पैसे बुडालेलेच नाहीत? काका मान खाली घालून म्हणाले की कोट ते परत करतील, भोपळा मात्र खाल्ला गेला.

तपासनिसांनी घसा साफ केला. त्यांना मीटर चालतो की नाही हे अजून बघायचे होतेच. तेव्हा भर दुपारी त्या घरातला प्रत्येक दिवा लावला गेला, पंखे फिरले, गिझर, इस्त्री, मासिके काढून फ्रिज, सगळे एकदम. मीटर धावू लागला. तपासनीस त्याच्यापुढे घड्याळ घेऊन दहा मिनिटे उभे राहिले आणि मीटर निर्दोष असल्याचे त्यांनी लिहिले. मग कारणाच्या सदराशी त्यांचे पेन अडले. काटकसर चालत नाही हे त्यांनाही ठाऊक होते. त्यांनी काकूंच्या हातातल्या पत्राकडे पाहिले, थोडा विचार केला, आणि ‘इतर’पुढे लिहिले, ‘कुटुंबात वाढ अपेक्षित.’ वकीलसाहेबांनी एकवार एकाहत्तर वर्षांच्या काकांकडे पाहिले आणि कधी नव्हे ते काही सल्ला दिला नाही. सोबतचा कागद म्हणून तपासनिसांनी अक्काच्या पत्राचा फोनवर फोटो काढून घेतला.

सगळे गेल्यावर काकूंनी टेबल पुसले आणि काकांपुढे पेन ठेवले. काका वही शोधू लागले. काकूंनी खणातले एक कार्ड काढून त्यांच्यापुढे टाकले. “यावर मावेल तेवढंच लिहा. तुम्हाला जागा दिली की तुम्ही प्रस्तावना करता.”

काकांनी ‘प्रिय अक्का, तुझे पत्र मिळाले’ असे लिहिले, कारण तेवढे त्यांना पाठ होते. मग पेन थांबले. काकू काही बोलल्या नाहीत, पण या वेळी त्यातून काही भलते ऐकू आले नाही. काकांनी खाली लिहिले, ‘उशिराबद्दल काय लिहू? लगेच ये.’ आणि थोड्या वेळाने, ‘पावाचा शेवटचा तुकडा आता तू खायचा आहेस.’ काकूंनी कार्ड ओढून घेतले आणि तळाच्या कोपऱ्यात आपल्या गोल अक्षरात घातले, ‘डबे तुम्ही ठेवले तिथेच आहेत.’

पाकिटाचा प्रश्न आला. उपाय क्रमांक चौतीसप्रमाणे काकांनी जुनी पाकिटे उलटी करून, घरच्या खळीने चिकटवून ठेवली होती. काकूंनी एक हातात घेतले आणि ते आपसूक उलगडून पुन्हा वीजबिल झाले. “नवं घ्या,” त्या म्हणाल्या.

टपाल कार्यालय चार वाजता बंद होत असे. काका साडेतीनला पोचले, धापा टाकत, रांगेत सहावे. वृद्धाश्रमातल्या त्या खाटेचा विचार त्यांच्या डोक्यातून जात नव्हता. दहा आठवडे. अक्का कशाचीच वाट पाहत बसणारी नव्हती; तिला फारसे काही लागत नसे. पण मग तिने विचारलेच नसते, असे रांगेत तिसरे असताना त्यांना वाटले, आणि दुसरे असताना पुन्हा वाटेनासे झाले.

खिडकीतल्या बाईंनी पाकीट वजनाच्या काट्यावर ठेवले. काका म्हणाले, “सगळ्यांत लवकर पोचेल असं पाठवा.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिले. समोर थकलेला म्हातारा माणूस, अंगात दोन मापे मोठा कोट; घाईत तोच हाताला लागला होता. त्यांना दया आली. म्हणाल्या, “आजोबा, साध्या टपालानेसुद्धा चार-पाच दिवसांत जाईल. उगाच कशाला? पैसे वाचतील.”

“नको,” काका म्हणाले. “वाचवून झालं.”

बाईंनी तिकीट लावले आणि शिक्का मारला. टेबल हादरले. पाकीट मागच्या पिशवीत पडले, आणि कुणीतरी ती पिशवी उचलून बाहेर नेईपर्यंत काका खिडकीशी उभे राहिले.